मला उतारावर बंद करणाऱ्यांनो

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, टर्बोवालं. गोष्ट सांगताना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं मला आजवर काही दिसलेलं नाही.

तर मित्रांनो, टर्बो म्हणजे काय ते आधी ऐका. माझ्या अंगाला एक छोटी भिंगरी बसवलेली आहे. माझ्याच धुराच्या जोरावर ती गरगर फिरते आणि मला जास्तीची हवा पाजते. चढावर ती लालभडक तापते. तिला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वाहतं तेल. मी चालू असेन तर तेल वाहतं. मी बंद, तर तेलही बंद. एवढं साधं आहे. गुरं राखणाऱ्यालाही कळेल, पण ढवळूला कळलं नाही.

ढवळू पोशेरा गावचा. १९९९ साली जव्हारच्या असलमशेठने नवी प्रवासी जीप घेतली, तिच्यात मी होतो आणि ढवळू तिचा ड्रायव्हर होता. जव्हार ते मोखाडा, मोखाडा ते जव्हार. आत चौदा माणसं, मागे लटकलेली चार, टपावर नाचणीची पोती. मी कधी कुरकुर केली नाही. ऊर फुटेस्तोवर चढ चढायचो. आणि चढ संपला रे संपला की हा बाबा गिअर काढायचा, स्टेअरिंगखालची काळी मूठ खस्सकन ओढायचा आणि मला बंद करून टाकायचा! माझ्या जातीची इंजिनं चावीने नाही, त्या मुठीने बंद होतात. मग जीप उतारावरून नुसती गडगडत जायची. ब्रेक लाकडासारखा कडक व्हायचा. आत बसलेली माणसं म्हणायची, "काय शांत गाडी आहे हो!" आणि इकडे माझ्या तापलेल्या भिंगरीत तेल जळून त्याचा कोळसा होत होता.

असं का करायचा? डिझेल वाचतं म्हणून. असलमशेठ मापाने डिझेल द्यायचा, आणि ते माप पुरायचं नाही. शेठलाही मी सोडणार नाही, पण त्याची पाळी नंतर.

दोन वर्षांत भिंगरी गेली. मोखाड्याच्या बाजारात मी एवढा निळा धूर सोडला की भाजीवाल्या बायांनी शिव्या घातल्या. मला जव्हारला जमाल मिस्त्रीकडे नेलं. या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याने माझा खिळा न् खिळा उघडला, धुतला आणि नवी भिंगरी बसवली. जाताना ढवळूला बजावलं, "चढावरून आलास की दोन मिनटं चालू ठेव, दम खाऊ दे, मग बंद कर. उतारावर तर बंद करायचंच नाही."

"नाय करत मिस्त्री."

सहा महिन्यांत पुन्हा तेच झालं. पुन्हा निळा धूर, पुन्हा जमालचं दार. जमालने विचारलं, "ढवळू, उतारावर बंद करत होतास?"

"नाय! कणसरीची आण!"

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिची खोटी आण घेतली मेल्याने! मी तिथेच होतो, पण मला तोंड कुठे आहे? मग जीपवाल्यांत बोभाटा झाला की जमालचा हात गेला, त्याने केलेलं काम आता टिकत नाही. एकेक गाडी नाशिकला जाऊ लागली. शेठने जीपमध्ये दुसरं इंजिन घातलं आणि मला जमालच्या परसात टाकलं. पाच वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या. आणि ज्याच्या हाताखाली मी घड्याळासारखा चालायचो, तो जमाल दारात बसून स्टोव्हच्या पिना बदलत होता. मधूनच तो आपले हात उलटसुलट करून बघायचा. त्या हातांत दोष आहे असं त्यालाही वाटू लागलं होतं. मला सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा आला.

२००६ च्या उन्हाळ्यात असलमशेठ उगवला. गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर बाहेरची मंडळी शर्यत भरवणार होती. साधी नव्हे, ड्रिफ्टची. म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणं घ्यायची! ती जुनी जीप शेठने कापून उघडी केली होती, आणि तिला टर्बोचा जोर हवा होता.

"जमालचाचा, तीन फेऱ्या न थांबता पळालं पाहिजे."

"माझा हात गेलाय ना? मग इथे कशाला आलास?"

"नाशिकवाले नाही म्हणाले," शेठ तोंड पाडून म्हणाला.

जमालने मला परसातून ओढून काढलं आणि म्हणाला, "खैरुन, ऐक. हे तिसऱ्यांदा जळलं तर मी माझे पाने-हातोडे विहिरीत टाकणार." खैरुन त्याची बायको. तिने जळलेली भिंगरी हातात घेतली, नखाने खरवडली. "अहो, हे तर दुधासारखं खाली लागलंय. आच गेली तरी पातेलं तापलेलं असतं. ढवळणारा हात थांबला की दूध करपणारच."

"म्हणजे तापलेलं असतानाच कोणीतरी बंद केलंय," जमाल म्हणाला. मग कामाला लागला. गाडी आडवी घसरली की माझ्या तळाच्या टाकीतलं तेल एका कोपऱ्यात पळतं आणि पंप हवा पितो. म्हणून त्याने टाकीत पत्र्याचे बांध घातले, भाताच्या खाचरात असतात तसे. तेल थंड करायला वेगळी जाळी लावली. रिंगा, बेअरिंगं, भिंगरी, सगळं नवं. शेठ म्हणाला, "हवेचा दाब वाढवा." जमाल म्हणाला, "कमीच ठेवणार. तुला पहिल्या वळणावर मिरवायचंय की तिसरी फेरी बघायचीय?" आणि शेवटी त्याने ती काळी मूठ काढली आणि बॉनेटच्या आत नेऊन बसवली.

शर्यतीला चालवायला कोण? ढवळूच! जमाल त्याला एवढंच म्हणाला, "तू पळव. बंद मी करीन."

काय पळालो मी! आडवा, तिडवा, धुरळ्याने आंधळा. दोन परक्या गाड्या वाफ सोडत बाजूला बसल्या. मी चौथा आलो. पहिला नाही, चौथा. पण तेलाचा काटा जागचा हलला नाही. मला त्या माणसांसाठी पळायचं नव्हतं. मी त्या पान्यांसाठी पळालो.

शेवटची रेघ ओलांडल्यावर माळावरून खाली यायला उतार होता. खाली जमाल, शेठ आणि जव्हार-मोखाड्याचे सगळे जीपवाले उभे होते. ढवळूने गिअर काढला. हात स्टेअरिंगखाली गेला. तिथे नुसतं भोक होतं! उघडी गाडी, सगळ्यांना सगळं दिसत होतं. तो चाचपडला आणि ओरडला, "मिस्त्री, बंद करायची मूठ कुठं गेली?"

गाडी खाली येऊन थांबली. जमाल पुढे आला. "उतारावर मूठ कशाला लागते रे तुला?"

ढवळूने आपल्या हाताकडे बघितलं. "सवयीनं गेला हात..." म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून मान खाली घातली.

एक जीपवाला हळूच म्हणाला, "म्हणजे जमालभाई, तुमचा हात..." शेठ ढवळूवर धावून गेला, तेव्हा ढवळू रडत म्हणाला, "माप तुम्हीच कापलंत ना शेठ! गाडी का पाण्यावर चालवू?" शेठचा हात वरच राहिला. घ्या, आली त्याची पाळी.

जमालचे डोळे भरले होते. पण त्याने आधी बॉनेटवर तळवा ठेवला आणि पुरी दोन मिनिटं मला दम खाऊ दिला. मग बॉनेट उघडून स्वतः मूठ ओढली. इतक्या मायेने मला त्याआधी कोणी बंद केलं नव्हतं.

तर मित्रांनो, चढ चढून आलेल्या बैलालाही तुम्ही दम घेऊ देता. मलाही द्या. दोनच मिनिटं मागतो. आणि तेवढीही जमत नसतील तर निदान खोटी आण घेऊ नका. माझं काय, लोखंड पुन्हा ओतता येतं. पण त्या माणसाने पाच वर्षं स्वतःच्या हातांवर संशय घेतला, ती पाच वर्षं त्याला कोण परत देणार?