स्टुलाची खांडेनवमी

मी स्टूल बोलतोय, कळमेश्वरच्या एका मिरची कारखान्यातलं. मधेच शिंक आली तर माफ करा, इथे सगळ्यांनाच येते.

माझा जन्म इथलाच. उरलेले पाइप वेल्डर बाबारावनं जोडले, वर खोक्याची फळी ठोकली. एक पाय जरा आखूड राहिला. म्हणून काय झालं? सरकत्या पट्ट्यावरच्या मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या पंचफुलाबाईंनी त्याखाली पोत्याची घडी सारली आणि मला आपलं केलं. बाई साठीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे. हात मात्र कधी थांबले नाहीत.

मग अंकुश सुपरवायझर झाला. तरणाताठा आणि तोंडाचा फटकळ!

"बसून कुठं काम होते का मावशी? उभं राहवत नसन तर दसऱ्यापासून घरीच बसा," म्हणाला आणि मला भंगाराच्या ढिगावर फेकलं.

"काहून गा? गुडघे थकले माहे, हात नाही थकले!"

ऐकतो कोण! बाई उभ्यानं देठ खुडू लागल्या. दुपारपर्यंत पट्ट्याला टेकायच्या. घरी त्या एकट्या, काम सुटलं तर खाणार काय? ढिगावरून बघताना माझा जीव तुटायचा.

खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. वजनकाटा, नट आवळायचे पाने, हातोड्या रांगेत मांडल्या होत्या. बाईंनी मला ढिगातून ओढलं, पदरानं पुसलं आणि हातोडीशेजारी ठेवलं. मालक चंपतराव गप्पा मारत मारतच पूजा करत होते. हळद, कुंकू, झेंडू. हळद, कुंकू, झेंडू. माझ्या फळीवरही! मग दचकले.

"हे काहून ठेवलं, पंचफुलाबाई?"

"हेच माहं हत्यार आहे जी. आता तुम्हीच पुजलं. पुजलेलं हत्यार भंगारात टाकता का?"

पट्ट्यावर काम करणारी कांताबाई मागून म्हणाली, "मालेबी पायजे जी असं हत्यार!" बाया खळखळून हसल्या. मालक हसले नाहीत.

"अंकुश, बसून बाईचं काम कमी होऊन राहिलं होतं का?"

"नाही जी."

"मग उभं काहून केलं?"

अंकुशनं मला उचललं आणि पट्ट्यालगत नेऊन ठेवलं.

दसरा झाला. बाई घरी बसल्या नाहीत, माझ्यावरच बसल्या. पट्ट्यालगत आता मालकांनी सगळ्यांना स्टुलं दिली आहेत. परवा अंकुशच्या कंबरेत उसण भरली, तर बाईंनीच मला पुढं सरकवलं. "बस गा बाप्पा. म्हातारा तूही होशीन."

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या दुकानात, कचेरीत कोणी पिकल्या केसांचं माणूस उभ्यानं राबत असेल, तर त्याला बसायला द्या. हळदकुंकू नाही वाहिलं तरी चालेल.