पंचविसावी जागा

एमेट यान्सी त्या वर्षी जिंकला असता तर त्याला काय मिळालं असतं, ते आधी सांगून टाकते. नाडीनच्या हॉटेलात काउंटरच्या वर एक लाकडी फळी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. शिवाय वर्षभर रोज सकाळी भट्टीतून निघणारं पहिलं गरम बिस्किट, म्हणजे आमच्याकडचा मऊ छोटा पाव, लोण्यासकट. संपलं. एवढ्यासाठी एकतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, एरवी शहाणासुरता माणूस फेब्रुवारीच्या मध्यापासून नाक सोलून निघेपर्यंत उन्हात बसायचा.

अर्थात फळीवर त्याच्या बायकोचं नाव होतं. लव्हर्न यान्सी. पाच वेळा. एमेटचं एकदाही नाही. लव्हर्न आदल्या ऑक्टोबरात गेली, आणि तिच्या शेवटच्या नावाखाली नेमकी एका ओळीची जागा उरली होती.

हे सगळं सत्त्याहत्तर सालचं. तेव्हा आमच्या लेक ऑर्डवे गावात मार्च महिना म्हणजे संत्र्याच्या मोहोराचा वास आणि बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज. उत्तरेकडचा 'हॅमर्स' हा बेसबॉलचा संघ थंडीला कंटाळून आमच्या फ्लोरिडात सरावाला यायचा. साठ-सत्तर खेळाडू यायचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांतले पंचवीस निवडून उत्तरेला जायचे, मोसम सुरू व्हायचा, बाकीचे लहान गावांतल्या संघांकडे नाहीतर घरी. ते पंचवीस कोण, हे संघाच्या मॅनेजरच्या आधी ओळखायचं हा आमच्या गावाचा धंदा. पैसे कोणी लावत नसे. नाडीन म्हणायची, पैसे लावले की माणसं खोटं बोलतात. नुसत्या अभिमानावरही बोलतात, हे तिला ठाऊक नसावं.

वीस मार्चला प्रत्येकाने पंचवीस नावं लिहून चिठ्ठी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. नाडीन झाकणावर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि डबा उघडायचा तो थेट पहिल्या सामन्याच्या दिवशी. त्यानंतर खाडाखोड नाही. आणि सगळ्यांत कडक नियम: कुठल्याही खेळाडूला आपली यादी सांगायची नाही. पूर्वी एका डावखुऱ्या बॉलरला कळलं होतं की अख्ख्या गावात एकानेही त्याचं नाव लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टाकलेले चेंडू कॅचरला सोडून कुंपणाला लागत होते.

लव्हर्न मैदानाकडे बघायचीच नाही. विणकाम घेऊन बसायची आणि खेळाडूंच्या बायकांच्या रांगेवर नजर. "जी इतर बायकांशी बोलायची थांबली, तिचा नवरा खोडायचा," म्हणायची. एमेट पाय बघायचा. गावभर चालून चालून त्याला पायांचंच कळायचं. अकरा वर्षं त्याचे चोवीस बरोबर आले होते, पंचविसावा चुकला होता. गावात त्याला 'मिस्टर चोवीस' म्हणायचे. तोंडावर.

त्या वर्षी गंमत अशी की चोवीस जण सगळ्यांचे सारखेच होते. वाद उरला होता फक्त दुसऱ्या कॅचरचा. एक होता रूडी सलीनास, टेक्ससचा, बावीस वर्षांचा, खांदे असे की दारातून आडवं यावं लागे. दुसरा स्टॅन कोवालिक, वय चौतीस. कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागे चेंडू पकडायला आयुष्यभर उकिडवं बसणारा माणूस. स्टॅनच्या उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि तिसरी रांगेत होती. गेले सहा मार्च तो माझ्याच घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. माझ्या मागच्या दाराची जाळी त्यानेच बसवून दिली होती.

तरी मी रूडी लिहिला. जाळी वेगळी, यादी वेगळी.

एकट्या एमेटने स्टॅन लिहिला. डब्यापाशी त्याने चिठ्ठी हाताने झाकली, पण मी उंच आहे.

"वेडा झालास का?" मी बाहेर आल्यावर म्हटलं. "तो जिना उतरतो तेव्हा घर हलतं माझं."

"मॅनेजरकडे तीन कोवळे बॉलर आहेत, ओपल. त्यांना सांभाळायला म्हातारा कॅचर लागतो. गुडघा नाही, डोकं लागतं."

"आणि चुकलास तर? पुढच्या वर्षी सुधारशील?"

हे मी मुद्दाम टोचलं. कारण पुढचं वर्ष नव्हतंच. हॅमर्सनी जानेवारीतच जाहीर केलं होतं, पुढच्या सरावाला ते ॲरिझोनात जाणार. त्या मार्चनंतर लेक ऑर्डवेला यादी नाही, डबा नाही, काही नाही. एमेट नुसता हसला. लव्हर्न गेल्यापासून तो तोंड मिटून हसायला शिकला होता.

पुढच्या गुरुवारी दुपारी सराव संपवून स्टॅन घरी आला. मी पडवीत वाटाणे सोलत होते. एमेट मदतीच्या नावाखाली खात होता. स्टॅन पायरीवर बसला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली.

"मिस ओपल," तो म्हणाला, "ओहायोहून फोन होता. आमच्या गावच्या शाळेला कोच हवाय. बेसबॉल, आणि हिवाळ्यात मुलांची कसरत. घराजवळ. टेरेसा म्हणते घे."

"मग घे की."

"उद्या दुपारपर्यंत हो म्हणायचंय. नाही म्हटलं तर ते दुसरा बघणार. इकडे यादी लागणार पुढच्या आठवड्यात. मॅनेजरला विचारलं, तर म्हणतो, 'बघतोय अजून.' पंधरा वर्षं मी हे 'बघतोय' ऐकतोय." मग तो वळला. "मिस्टर यान्सी, तुमचे दरवर्षी चोवीस बरोबर येतात."

"चोवीसच," एमेट म्हणाला.

"मॅनेजरचे तेवढेही येत नसतील. मला सांगा. तुमच्या यादीत मी आहे का?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हिशेब सरळ होता. एमेट 'आहेस' म्हणाला असता तर स्टॅनने ओहायोला नकार कळवला असता, तो थांबला असता, आणि मॅनेजरने त्याला घेतला तर एमेटचं नाव फळीवर. 'नाहीस' म्हणाला तर स्टॅन घरी जाणार, आणि घरी गेलेला माणूस यादीत येत नाही. डब्याला चिकटपट्टी लागून चार दिवस झाले होते.

"नियम आहे," एमेट म्हणाला. "खेळाडूला सांगायचं नाही."

"मला तीन पोरं आहेत, मिस्टर यान्सी. नियम नाडीनला सांगा."

एमेटने वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. "जरा फाटकापर्यंत जा," तो म्हणाला. "टपालपेटीला हात लावून परत ये."

"कशाला?"

"मी म्हणतो म्हणून."

स्टॅन गेला. जाताना ठीक गेला. मैदानावर वर्षानुवर्षं लंगडणं लपवलेला माणूस, त्याला चालायचं कसं ते ठाऊक. येताना मात्र त्याला वाटलं आपल्याकडे कोणी बघत नाही, कारण एमेटने मान फिरवून माझ्याशी बोलायला सुरुवात केली होती. पण डोळे त्याचे खिडकीच्या काचेवर होते. काचेत स्टॅन येत होता, उजवा पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा बाजूने फिरवत.

तो पायरीशी पोचला तसा एमेट म्हणाला, "नाहीस."

"काय?"

"माझ्या यादीत तू नाहीस, बाळ. मी सलीनास लिहिलाय."

स्टॅनने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही, मिस ओपल?"

"मीही सलीनासच," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणून पटकन बोलता आलं.

तो हसला. "सहा वर्षं भाडं वेळेवर दिलं मी!" म्हणाला. मग बर्फाची पिशवी उचलून, कठड्याला धरून आत गेला. थोड्या वेळाने फोनवर त्याचा आवाज आला: "टेरेसा? अगं, हो सांग त्यांना. नाही, रडत नाहीये, कांदा कापतायत इथे." कांदा कोणी कापत नव्हतं.

"तू खोटं बोललास," मी एमेटला म्हटलं.

"यादीबद्दल," तो म्हणाला. "पायाबद्दल नाही."

"आणि म्हाताऱ्या कॅचरचं डोकं? ते कुठे गेलं?"

"डोकं त्याचं ओहायोत चालेल. बावीस वर्षांच्या पोराच्या जागी त्याला बसवला तर जून येईतो तो काठी घेऊन चालेल. मी वीस तारखेला त्याला उभा पाहिला होता, ओपल. चालताना आज पाहिला."

मी पुढची शेंग सोलायला घेतली. त्याने मूठभर वाटाणे तोंडात टाकले आणि घरी गेला. स्टॅन दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. जाताना मागच्या दाराच्या जाळीचा एक सैल खिळा ठोकून गेला.

इथवर सगळं ठीक होतं. पण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो, आणि ती फक्त आमच्यासारखेच विसरू शकतात. आम्ही सहा आठवडे ज्यांना बघत होतो, त्यांच्यातूनच पंचवीस निघणार असं धरून चाललो होतो. पहिल्या सामन्याला चार दिवस असताना एक चेंडू समोरच्याच्या बॅटची कड घेऊन मागे आला आणि रूडी सलीनासच्या अंगठ्यावर बसला. हाड मोडलं. मे अखेरपर्यंत बाहेर. मॅनेजरला दुसरा कॅचर हवा होता, आणि गावात दुसरा कॅचर उरला नव्हता; स्टॅन तर शाळेला शब्द देऊन बसला होता. मग दुसऱ्या कुठल्या तरी संघाने नको म्हणून सोडलेला एक माणूस त्यांनी उचलला. त्याचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलंही नव्हतं.

स्टॅन इथे असता तर तोच गेला असता. त्याला कोणी विचारलंही नसतं की गुडघा कसा आहे.

पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी नाडीनने डबा उघडला. हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटची वेळ म्हणून गावातले जुने लोकही आले होते, ज्यांनी दहा वर्षं एक नाव लिहिलं नव्हतं. एकेक चिठ्ठी वाचली. चोवीस. चोवीस. चोवीस. सगळ्यांच्या शेवटी सलीनास.

"काय हो," कोणीतरी ओरडलं, "आज आख्खं गावच मिस्टर चोवीस झालं!"

मग नाडीनने एमेटची चिठ्ठी उघडली. पंचविसाव्या नावापाशी ती थांबली, चष्मा पुसला, आणि वाचलं, "कोवालिक."

हसून हसून लोकांच्या कपातली कॉफी सांडली. "तो तर घरी गेला रे एमेट! आठवडा उलटून गेला!" "गेला तो गेला, मिस्टर चोवीसांना पत्ता कळवून गेला नाही!" "टपालवाला असून?" एमेटने ग्रिट्सची, म्हणजे मक्याच्या लापशीची, थाळी जवळ ओढली आणि मीठ घातलं. दोनदा घातलं. मी समोरच बसले होते. तोंड उघडून एका वाक्यात मी ते हसणं थांबवू शकले असते. पण मग स्टॅनला सांगितलेलं खोटं गावभर झालं असतं, आणि ओहायो काही फार लांब नाही. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं. नाडीनने फळीवरच्या शेवटच्या ओळीत 'कोणी नाही' असं रंगवून टाकलं.

स्टॅनचा फोन आला सप्टेंबर संपताना. एमेट माझ्याकडेच बसला होता, म्हणून मी फोन त्याच्या कानाला लावला आणि माझाही कान जवळ नेला.

"मिस्टर यान्सी, मी पेपरात बघत होतो," स्टॅन म्हणाला. आवाजात राग नव्हता, हिशेब होता. "त्यांनी जो कॅचर उचलला, तो मोसमभरात अकरा सामने खेळला. बाकी सगळे दिवस बाकावर. बाकावर बसायला गुडघा लागतो का हो?"

"नाही," एमेट म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं."

एमेट आता सांगेल, मला वाटलं. मी तुझंच नाव लिहिलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. त्याने उलट विचारलं, "पोरं कशी आहेत?"

"धाकटा चेंडू पकडतो," स्टॅन म्हणाला. "उभ्याने. मी त्याला बसू देत नाही."

पुढल्या मार्चमध्ये मैदानावर गवत गुडघाभर वाढलं. नाडीनने हॉटेल विकलं, एमेट त्याच्या पुढच्या वर्षी वारला. आता मैदानाच्या जागी मोटारी लावतात, आणि मोहोराचा वास येतो तेव्हा मी एकटीच मान वर करते.

म्हणून कोणी काय किंमत भरली, त्याची आज बेरीज करून टाकते. रूडीने एक अंगठा भरला, तो जूनपर्यंत परत मिळाला. एमेटने फळीवरची हक्काची ओळ भरली, आणि वरून गावाचं हसू. स्टॅनने मोठ्या संघाच्या बाकावरचा एक अख्खा उन्हाळा भरला, आणि तो भरताना किंमत त्याला कोणी सांगितली नव्हती. मला सगळं ठाऊक होतं, मी गप्प बसले, आणि माझ्याकडून कोणी काहीच घेतलं नाही.