दुसरं वाक्य

“पोट दुखो न दुखो, वर्षाने परत यायचं. विसरायचं नाही हं.”

डॉक्टरबाईंचं हे वाक्य इस्त्रीवाल्याला आता शब्दन् शब्द आठवत होतं. चार वर्षांपूर्वी मात्र त्याच्या कानात त्याआधीचं तेवढंच शिरलं होतं: “हा कॅन्सर नाही.” दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली होती, “देवच पावला.” मग परत कोण कशाला जातंय? धडधाकट माणसाने घशातून नळी घालून घ्यायची, म्हणजे निजलेल्या कुत्र्याला काठी मारायची. दुकानात शर्टांचे ढीग होतेच. दिवस कसे गेले कळलं नाही.

आता नळी पुन्हा आत जाऊन आली होती, पोटातून काढलेले तुकडे तपासून झाले होते, आणि बाई रिपोर्ट मिटून त्याच्याकडे बघत होत्या.

“तेव्हा पोटाच्या अस्तरावर नुसता चट्टा होता. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणूनच परत बोलावलं होतं. वेळेवर बघितलं असतं, तर नळीतूनच सोलून काढता आला असता, दुधावरची साय काढावी तसा. आता त्याचा कॅन्सर होऊन तो खोल उतरलाय. लिव्हरपर्यंत गेलाय.”

“मग आता?”

“त्रास कमी राहील एवढं बघू.”

समजायचं ते तो समजला.

“वडीलही पोटानेच गेले म्हणालात. सख्खं भावंड आहे कुणी?”

“धाकटा भाऊ.”

“त्याला आणा. काही होत नसलं तरी आणा.”

“आणतो,” तो म्हणाला.

संध्याकाळी तो धाकट्याच्या घरी गेला. धाकटा घरं रंगवायचा. कोपरापर्यंत चुना घेऊनच बसला होता.

“दादा, मला काय धाड भरलीय? दगड खाल्ला तरी पचवतो मी.”

“पचवताय ना? मग ढेकर सगळ्या गल्लीला का ऐकू जातात?” भावजय आतून म्हणाली.

“तू गप गं. आणि दादा, तू दोनदा नळी घालून घेतलीस. काय मिळालं?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

इस्त्रीवाला रागावला नाही. “इस्त्री जरा जास्त टेकली की कापड आधी पिवळं पडतं,” तो म्हणाला. “तेव्हाच बघितलं तर डाग निघतो. एकदा करपलं की काही करता येत नाही. माझं करपलंय रे.”

धाकटा नखाने हातावरचा चुना खरवडत राहिला. “बघू. पुढच्या महिन्यात.”

या पुढच्या महिन्याला इस्त्रीवाला चांगला ओळखत होता.

भावजय दारापर्यंत आली. “भाऊजी, हे काही ऐकायचे नाहीत.”

“मी नेतो त्याला,” तो म्हणाला. “माझे पाय चालतायत तोवर.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायकोला जाग आली, तर तो शर्टाची बटणं लावत होता.

“अहो, एवढ्या लवकर कुठे?”

“धाकट्याकडे. तपासणीला उपाशीपोटी न्यावं लागतं. चहा घ्यायच्या आत गाठतो.”

“आणि नाही आला तर?”

“तर उद्या जाईन.”

उठून तिने त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या. पँट कमरेवर राहत नव्हती. ती एका हाताने धरून, दुसरा भिंतीला टेकवत, तो एकेक पायरी उतरू लागला.