मघापासून

"हात धर बाबा, इथं पायरी हाय," म्हणत रंजितानं बापाला पहिल्या खुर्चीत बसवलं. बसल्या बसल्या मंगळ्यानं विचारलं,

"उत्तर कुठं गो?"

"तुझ्या समोरच."

तिला हसू आलं. मुरबाडजवळच्या या विज्ञान केंद्रात ती सात वर्षं तारांगण दाखवत होती, पण उत्तर दिशा कुठं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. जन्माची खोड, दुसरं काय.

तारे तिला शिकवले ते बापानंच. डोळखांबच्या पाड्यावर भात झोडायचे दिवस आले की राखणीला दोघं खळ्यावर निजायची. पहाटे सप्तर्षी वर आले की पेंढ्यात पडून मंगळ्या सांगायचा, हे चार तारे म्हणजे म्हातारीचं खाटलं, न् मागं ते तीन चोर. दाखवायचा मात्र बोट वाकडं करून; सरळ बोट रोखलं की तारा निखळतो म्हणे. काय दिवस होते ते! आता काचबिंदूनं त्याचे डोळे खाल्ले होते. गेलेली नजर येणार नाही, डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. मंगळ्याचं पालुपद एकच, "दिसतं गो मला." थोडी नजर उरलीय तोवर आभाळ बघून घेऊ दे, म्हणून तिनं आज हट्टानं त्याला आणलं होतं.

मागं शाळेची मुलं बसली. रंजितानं दिवे घालवले. तारे लावण्याआधी डोळे सरावायला पाच मिनिटं नुसता काळोख ठेवायचा, ही इथली रीत. बापाला तेवढं सांगायचं राहून गेलं.

"लागले गो," मंगळ्या म्हणाला. "लख्ख दिसतात. ते बघ खाटलं."

रंजितानं चमकून वर पाहिलं. घुमटावर अजून एकही तारा नव्हता. म्हणजे बापाला काहीच दिसत नव्हतं, आणि तो तिचं मन राखत होता. बटणांच्या मिणमिणत्या उजेडात तिला त्याचं वाकडं बोट दिसलं, बरोब्बर उत्तरेकडं वळलेलं.

मागून एका मुलीनं विचारलं, "खाटलं कुणाचं, बाबा?"

"म्हातारीचं. ती निजलीय, न् तीन चोर खाटलं पळवायला आलेत."

कुजबुज थांबली. मंगळ्या सांगत राहिला, मुलं ऐकत राहिली. पाचाची दहा मिनिटं झाली तरी रंजिताचा हात बटणाकडं गेला नाही. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि तारे लावले.

"आई गं!" सगळी मुलं एकदम म्हणाली. खाटलं बापाच्या बोटासमोरच होतं.

ते बोट तसंच थांबलं.

"आत्ता लागले काय गो?" मंगळ्यानं हळूच विचारलं.

"नाय बाबा," रंजिता म्हणाली. "मघापासून हायत."