तोटीखालचा स्पंज

लिओनोरे हार्टुंग मुळात शिल्पकार. जर्मनीतल्या सेल्ब गावच्या आमच्या कारखान्यात ती चिनी मातीचे पक्षी करायची. कॉफीची भांडी पहिल्यांदाच करत होती. मी तिथल्या प्रयोगशाळेत झिलईचं, म्हणजे भांड्यांवरच्या काचेसारख्या थराचं, काम बघायचे.

तिच्या किटलीच्या तोटीखाली थेंब ओघळायचा. तसा तो सगळ्याच किटल्यांचा ओघळतो, म्हणून आमच्याकडे घरोघरी तोटीखाली रबराने स्पंजची गुंडाळी अडकवतात. लिओनोरेला नेमकी तीच नको होती.

"लाळेरं बांधलेल्या बाळासारखी दिसते गं," ती म्हणाली. "प्लास्टरचा नमुना गळत नाही, भाजलेली किटली गळते. का?"

मलाही कळेना. शेवटी दोन्ही तोट्या भिंगाखाली धरल्या. प्लास्टरच्या ओठाला धार होती. भट्टीत झिलई वितळून ती धार गोल होत होती आणि थेंब त्या गोलाईला चिकटून मागे वळत होता. मग आम्ही एका किटलीच्या ओठावरची झिलई भाजण्याआधीच पुसून टाकली.

"ही किटली रविवारी माझ्या घरी कॉफीला आणा," मालक क्रोनाखर म्हणाले. "टेबलक्लॉथवर एक डाग पडला, तर कारखान्यात हिचे साचे करायचं विसरा. पक्षी आहेतच तुमचे."

रविवारी एर्नाबाई, म्हणजे मालकीणबाई, किटली भरायला आत घेऊन गेल्या. किटली बाहेर आली तेव्हा तिच्या तोटीखाली स्पंज होता.

"एर्नाबाई, तो स्पंज..." लिओनोरे म्हणाली.

"असू दे गं, टेबलक्लॉथ माझ्या आईचा आहे," म्हणत त्यांनी सगळ्यांचे कप भरलेसुद्धा.

क्रोनाखर हसले. "घ्या. डाग नाही, पण शाबासकी स्पंजला."

लिओनोरेचा चेहरा उतरला. मी स्पंजकडे बघत होते.

"नवा आहे का हो हा?"

"कालच आणलाय. पाहुण्यांपुढे जुना कसा लावणार?"

"मग काढून बघू या."

एर्नाबाईंनी तो पांढऱ्या रुमालावर दाबला. रुमाल कोरडाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला. मग आपणहून, स्पंजशिवाय, नवऱ्याचा कप अगदी सावकाश भरला. क्रोनाखर चष्मा लावून तोटीखाली वाकले होते.

"उद्या साचेवाल्याला भेटा," ते बसता बसता म्हणाले.

लिओनोरेचं लक्ष नव्हतं. कॉफीत घालायच्या सायीचं एर्नाबाईंचं चोचीचं भांडं तिने स्वतःच्या बशीवर तिरकं धरलं होतं.

"आणि हे का गळत असेल?" तिने मला विचारलं.