घरी वाजवायला

पहिली थप्पड चांगुणाला ऐकू आली, दुसरी नुसती लागली. हातातलं दुधाचं पातेलं तिने तरीही बेताने खाली ठेवलं, कारण दूध सांडलं असतं तर तिसरी बसली असती. समोर उत्तमराव उभे होते. त्यांचे ओठ हलत होते आणि चांगुणाच्या डाव्या कानात भुंगा शिरल्यासारखी भुणभुण सुरू झाली होती.

"उलटं बोलती?" उत्तमराव विचारत होते. "काहून उलटं बोलती?"

चहा अगोड का, असं त्यांनी विचारलं होतं आणि तिने साखर संपली म्हणून सांगितलं होतं. एवढंच. नवऱ्याबद्दल आदराने बोलायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून उत्तमरावांना आपणही अहो-जाहोच करू.

गावात त्यांचं नाव चांगलं होतं. आखाडा बाळापूरच्या एका जिनिंगमध्ये ते हंगामी कारकून होते. कापसाच्या दिवसांत काम, बाकीचं वर्ष चौकात पान खाऊन सगळ्यांशी गोड. "नर्सबाईचा मालक लई शांत माणूस," असं लोक म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते. आवाज सगळा घरी करून आल्यावर माणूस बाहेर शांतच असणार.

संध्याकाळी उत्तमरावांना वाईट वाटलं. ते त्यांना दर वेळी वाटायचं. त्यांनी लसूण टाकून तेल कढवलं, बायकोचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने तेल तिच्या कानात सोडलं. चांगुणा सरकारी दवाखान्यात नर्स होती. दुखऱ्या, फुटक्या कानात तेल घालू नका, हे ती स्वतः बायकांना बजावून सांगायची. पण नको म्हणावं तर डोकं त्यांच्याच हाताखाली होतं. तिने डोळे मिटून तेल घालून घेतलं आणि मग उशीत तोंड खुपसून कण्हत पडली.

"काय झालं गं गालाला?" सकाळी शेजारच्या पार्वतीबाईंनी विचारलं. दवाखान्यामागच्या त्या क्वार्टर्सची भिंतीला भिंत होती.

"पाय घसरला."

"जपून चालत जा बाई," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं, आणि ते गेलंय हे चांगुणालाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात गोजरबाई नावाची पहिलटकरीण अडली म्हणून चांगुणाला जवळच्या वाडीवरून बोलावणं आलं. पोटावर लाकडी नळी टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि बाळाचे ठोके ऐकायचे, हे तिचं रोजचं काम. सवयीने तिने डावा कान लावला. ठोके नव्हते. नुसती भुणभुण. तिने नळी सरकवली, पुन्हा सरकवली. गोजरबाईची सासू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. नर्सबाईचा चेहरा उतरला तशी म्हातारीने गळाच काढला, "मेलं व माय! पोटातच मेलं माझं लेकरू!" बाजेवरची पोरगी किंचाळायला लागली.

तेव्हा कुठे चांगुणाच्या लक्षात आलं. तिने मान फिरवून उजवा कान लावला. ठोके होते. टांग्याच्या घोड्यासारखे भरभर चालले होते.

"गप बसा मावशी! जित्तं हाये लेकरू!" ती ओरडली आणि तिथेच खाली बसून स्वतःच रडायला लागली. ते बघून सासू आणखी घाबरली.

तिन्हीसांजेला मुलगा झाला, चांगला धडधाकट. पण चांगुणाच्या मनाने धास्ती घेतली ती घेतलीच. डावा कान गेला तो गेला. उजवाही गेला तर नोकरी जाईल, आणि नोकरी जायच्या आधी कुणाचं तरी जिवंत लेकरू आपण मेलं म्हणून सांगू. ती उजवी बाजू भिंतीला लावून जेवायला बसू लागली, उजवा कान उशीत दाबून झोपू लागली. पुढच्या वेळी उत्तमरावांनी हात उगारला तेव्हा तिने हात जोडले.

"अहो, मारायचं तर पाठीत मारा. कानावर नका मारू. माझी नोकरी कानावर हाये."

"अटी घालून राहिली व्हय मला?" उत्तमराव म्हणाले, आणि चुलीपुढची लोखंडी फुंकणी उचलून त्यांनी तिला पाठीत बडव बडव बडवलं. फुंकणी वाकली. कान वाचला म्हणून चांगुणाला त्या दिवशी बरंच वाटलं. माणूस कशात समाधान मानायला शिकेल सांगता येत नाही.

मग घरात गिटार आली. नांदेडला उत्तमरावांच्या आतेभावाची ऑर्केस्ट्रा पार्टी होती, ती आणीबाणीच्या साली मोडली आणि त्याची विजेवरची गिटार यांच्याकडे आली. तरुणपणी ते त्या पार्टीत वाजवायचे. रेडिओच्या मागच्या भोकात वायर खुपसली की गिटारचा आवाज रेडिओतून बाहेर पडायचा. आणि एक नवल झालं. वाजवत बसले की उत्तमराव मारत नसत. दोन्ही हात गुंतलेले. चांगुणा चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची, आणि सूर चालू आहे तोवर तिचे खांदे सैल पडायचे. एवढी चांगली बोटं या माणसाची, असंही तिला वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

पंधरवड्यात त्यांना कंटाळा येऊ लागला. "आवाज सुका हाये," ते म्हणायचे. "शिनेमातल्या गिटारीवानी गुंगत न्हाई." कंटाळा आला की ते गिटार खुंटीला टांगायचे आणि हात मोकळे व्हायचे. अशातच चौकात कुणीतरी सांगितलं की हिंगोलीचा बाबूसिंग रेडिओवाला एक डबा बनवतो. गिटार आणि रेडिओ यांच्या मध्ये तो जोडायचा, आवाज पाहिजे तसा बदलतो. मुंबईच्या मालापेक्षा पुष्कळ स्वस्त.

"घ्या," चांगुणा लगेच म्हणाली. "माझ्या पगारातून घ्या."

उत्तमरावांचे डोळे भरून आले. अशी बायको नशिबानं मिळते, असं त्यांनी चौकात सांगितलं. तिचं गणित सोपं होतं. डबा चांगला निघाला तर हे त्यात रमतील, हे रमले तर उजवा कान वाचेल. शिवाय हिंगोलीच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर बसत, त्यांनाही दाखवून होईल.

"आधी डबा, मग कान," उत्तमराव एस.टी.तून उतरताच म्हणाले.

बाबूसिंगचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. पोट उघडे टाकलेले रेडिओ मांडणीवर ओळीने बसलेले, आणि मध्ये हातात पेचकस घेतलेला बाबूसिंग. उत्तमरावांनी चादरीत गुंडाळलेली गिटार बाहेर काढली.

"कुठं वाजवता साहेब?" त्याने विचारलं. "पार्टीत, का लग्नाबिग्नात?"

"न्हाई हो. घरी वाजवायला पाहिजे."

चांगुणाला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. घरी वाजवायला! इतकी वर्षं कानाखाली वाजवत आले ते कुठे मग?

"काय झालं?" उत्तमरावांनी अगदी हळू विचारलं. त्यांच्या हळू विचारण्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

"काही न्हाई. तुमी डबा बघा."

बाबूसिंगने आधी एक चकचकीत पेटी दाखवली. "हा मुंबईचा माल. बघा, पन घेऊ नका. याला मोठा ॲम्प्लिफायर लागतो, भिंती हलतात. घरी वाजवला तर शेजाऱ्याला तकलीफ."

"आमचे शेजारी काही म्हणत न्हाईत," चांगुणा म्हणाली.

उत्तमरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. बाबूसिंगला त्यात काही कळलं नाही. त्याने बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा पुढे ओढला. वरच्या अंगाला तीन बटणं बसवलेली होती.

"हसू नका साहेब. हा मी बनवला. तीन बटनं, तीन आवाज. घरच्या रेडिओवर बराबर चालतो, आन बजेटमदी बसतो."

त्याने गिटार डब्याला आणि डबा कोपऱ्यातल्या रेडिओला जोडला. पहिल्या बटणाने सूर थरथरायला लागला. उत्तमरावांनी मान हलवली, बरा आहे म्हणाले. दुसरं दाबलं तेव्हा आवाज विहिरीत उतरून वर आल्यासारखा घुमला. डब्यात त्यासाठी स्प्रिंगा ताणल्या होत्या. चांगुणाला तो आवडला. खरंच आवडला. तिने पर्स उघडून नोटाही हातात घेतल्या.

"हा चांगला हाये. घेऊन टाका."

"थांब गं. तिसरा पाहू."

"तिसरा म्हंजी फाटका आवाज," बाबूसिंग म्हणाला. "चांगल्या आवाजाला इतकं दाबायचं, इतकं दाबायचं, की तो फाटतोच. जवान पोरायला लई पसंद हाये."

उत्तमरावांनी तार छेडली. रेडिओतून भुणभुण निघाली. जाड, खरखरीत, न थांबणारी. चांगुणाने दचकून डावा कान हाताने दाबला. दाबून काही फरक पडला नाही. बाहेर जे वाजत होतं तेच आतही वाजत होतं, आणि कुठलं कुठलं हे क्षणभर तिला कळेना. उत्तमरावांचा चेहरा मात्र दिवाळीतल्या पोरासारखा उजळला होता.

"हाच!" ते म्हणाले. "हाच पाहिजे. दिवसभर वाजवला तरी कंटाळा येणार न्हाई."

तिला हवं होतं ते हेच. नोटा हातात होत्या. नुसत्या पुढे करायच्या, म्हणजे हे रोज वाजवत बसतील, हात गुंतलेले राहतील, कान वाचेल.

"हा नका घेऊ," ती म्हणाली.

"काहून?"

"हा माझ्यापाशी हाये. साखर संपली व्हती त्या दिसापासून हाये. दिवसरात्र वाजते. तुमीच लावून दिला."

बाबूसिंगने पेचकस खाली ठेवला. "म्हंजी काय, ताई?"

"यांनी मारलं, भाऊ. कानाचा पडदा फाटला. तवापासून अस्साच आवाज येते. लोकायला मी पाय घसरला म्हणून सांगत असते."

"बायकायचं काय खरं धरता," उत्तमराव हसले, आणि हसता हसताच उठले. गिटार गळ्यात तशीच होती. या वेळी हात उलटा आला, म्हणजे तिच्या उजव्या कानाच्या बाजूने. चांगुणाला तो येताना दिसला. ती मागे सरली नाही. जागच्या जागी गर्रकन वळली आणि तिने मेलेला डावा कान पुढे केला.

ती मांडणीवर आदळली. दोन रेडिओ खाली पडून फुटले, तिचा ओठ फाटला, दातांत रक्त आलं. वायर ओढली गेली आणि कोपऱ्यातला रेडिओ नुसता चिरकत राहिला. बाबूसिंगने घाईघाईने तो बंद केला. दुकानात एकदम शांतता पसरली. उजवाही गेला की काय, म्हणून चांगुणाने त्या कानाला हात लावला.

"भाऊ," ती म्हणाली, "काही तरी बोला."

"काय बोलू, ताई?" बाबूसिंग पुटपुटला.

"आलं ऐकू," ती म्हणाली. तिने हातातल्या नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि पर्स बंद केली.

"घरचं घरी बघा ना साहेब," बाबूसिंग आता उत्तमरावांवर ओरडला. "दुकानात काय हे?"

"घरी न्हाई आता," चांगुणा म्हणाली. "क्वार्टर माझ्या नावावर हाये. तिथं हे यायचे न्हाईत."

ती दुकानाबाहेर पडली. उत्तमराव तिच्यामागे धावणार तोच बाबूसिंगने त्यांची कॉलर पकडली. ती त्याने फुटलेल्या रेडिओंसाठी पकडली, तिच्यासाठी नाही. तरी उपयोग झालाच.

दवाखान्यात डॉक्टरांनी बत्ती लावून दोन्ही कान पाहिले. "डावा गेला. पडदा राहिला नाही, आत पू झालाय. तेल कुणी घातलं?"

"मालकानं."

"उजवा चांगला आहे. जपा त्याला. कशाने झालं हे?"

पाय घसरला हे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. "मालकाच्या हातानं," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. थेंब लिहून दिले आणि पुढच्याला आत बोलावलं. तिला वाटलं होतं, हे वाक्य बोललं की काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. दारात रांग होती तशीच होती.

कळमनुरीमार्गे जाणारी गाडी लागली होती. चांगुणा डाव्या अंगाच्या खिडकीशी बसली, ओठाला पदर लावून. गाडी भरत आली तेव्हा उत्तमराव धापा टाकत आले. कॉलर फाटलेली, गिटार जवळ नाही, ती बहुतेक बाबूसिंगने रेडिओंपायी ठेवून घेतली असावी. गाडीत शिरायला गेले तर दारात गर्दी. मग ते खिडकीशी आले आणि गज धरून बोलायला लागले. आधी हात जोडले. मग गजावर मूठ आपटली. मग बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा बोलायला लागले. खूप वेळ बोलत होते. चांगुणा समोर बघत होती. इंजिन सुरू झालं होतं, त्याची घरघर तिला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू येत होती.

"बोला बाई," कंडक्टर शेजारी येऊन म्हणाला.

"बाळापूर. एक."

कंडक्टरने खिडकीकडे पाहिलं. "ते बाहेरचे तुमाला काही म्हणून राहिले ना. रडून राहिले बाई ते."

"मला त्या बाजूनं ऐकू येत न्हाई," चांगुणा म्हणाली.

कंडक्टरने तिकीट तिच्या हातात दिलं आणि वरची दोरी ओढली. गाडी हलली तसे उत्तमरावांचे हात गजांवरून सुटले.