परदेशी पाहुण्यांसाठी आणलेला कमोड

हसू नका. मी कमोड बोलतोय. खुर्चीला, छत्रीला, शाळेच्या घंटेला बोलायची मुभा असते, मग मलाही असावी. मला जे ऐकू आलं ते त्या कोणाला आलं नसेल.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. पांढऱ्या मातीचा, वरून काचेसारखी झिलई. मुंबईच्या दुकानात माझ्या शेजारी निळे होते, गुलाबी होते, पण भागोजीने बोट दाखवलं ते माझ्याकडे. "साहेब लोकांना पांढराच आवडतो," तो दुकानदाराला म्हणाला, आणि हे त्याला ठाऊक होतं, कारण कुलाब्याच्या एका हॉटेलात तो उभा जन्म साहेब लोकांच्या खोल्या आवरत आला होता.

आंब्याच्या पेट्या मुंबईत उतरवून परत निघालेल्या ट्रकमध्ये, पेंढ्यात गुंडाळून, मी रत्नागिरीला आलो. तिथून बैलगाडीने आरे-वारेच्या बाजूच्या एका वाडीत. दिल्लीत आशियाई खेळ होऊन गेले त्याच्या पुढचं ते वर्ष. वाडीत एकाही घराला संडास नव्हता. पुरुष माळावर जात, बायका उजाडायच्या आत सुरूच्या बनात. पेंढा काढल्यावर सगळी वाडी मला बघायला लोटली. सखू नावाची शेजारीण मला हात लावून म्हणाली, "गो मैने, ह्याच्यात तांदूळ धुवायचे काय?"

मैना म्हणजे भागोजीची बायको. नवरा मुंबईत असताना शेत, गुरं, सासू, सगळं तिनेच ओढलेलं. ती हसली नाही. तिने विचारलं, "ह्याला पाणी किती लागेल?"

भागोजीच्या डोक्यात एक रेघ होती. झालं होतं असं, की रत्नागिरीत एका सभेला मुंबईहून पर्यटनाचे एक अधिकारी आले होते. त्यांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला. परदेशातून हिंदुस्थानात येणाऱ्या माणसांची लाल रेघ खालून वर चढत गेलेली. "ही अशीच चढणार," अधिकारी म्हणाले. "गोवा भरून वाहणार आणि ते लोक उत्तरेला सरकणार. नव्वद सालापर्यंत तुमच्या किनाऱ्यावर गोरी माणसं फिरताना दिसतील. मात्र त्यांना दोन गोष्टी लागतात. स्वच्छ अंथरूण आणि बसायचा संडास."

भागोजीने नोकरी सोडली. घराला लागून चिऱ्याची खोली बांधली, वर कौलं, आत पलंग आणि मच्छरदाणी. खोलीला जोडून माझी जागा. मला बसवलं नझीरने. तो मस्कतला हेच काम करून परतला होता. सिमेंटचा शेवटचा हात फिरवून तो म्हणाला, "भागोजीभाय, तिकडं शेखाच्या घरात बसवला ना, तसा बसवलाय. बघ, वापर मात्र कर. कोरडा ठेवलास तर ह्या वस्तू सडतात."

"पाहुणे आले की करतील," भागोजी म्हणाला. त्याने दाराला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्यात अडकवली. घरातल्यांना ताकीद मिळाली, "ह्याला कोणी शिवायचा नाय. हे परदेशी पाहुण्यांसाठी हाय."

मग वाट बघणं सुरू झालं. भागोजी इस्त्रीचा शर्ट घालून हातखंब्याच्या तिठ्यावर उभा राही. गोव्याच्या गाड्या थांबत, खिडक्यांतून गोरे चेहरे दिसत. तो हात हलवी. तेही हसून हात हलवत, आणि गाडी निघून जाई. संध्याकाळी पडवीत बसून तो मैनेला सांगे, "आज बरेच होते. रेघ चढतेय." माझ्या भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून मला पडवीतलं सगळं ऐकू येई. मैना म्हणे, "रेघ चढतेय ती बरी. पण ती वळते कुठं?"

पहिला पाहुणा आला तो सायकलवरून. हॉलंडचा, दाढीवाला, उन्हाने खरपूस भाजलेला. भागोजीने करगोट्यातली किल्ली सोडवून कुलूप काढलं. "सर, इंग्लिश कमोड," तो म्हणाला आणि दार सताड उघडलं. पाहुण्याने माझ्याकडे बघितलं. अशी वस्तू त्याच्या आजीच्याही घरी असणार. त्याने मान डोलावली, आणि आपला ओला सदरा आणि चड्डी माझ्यावर वाळत घातली. तो हवा खायला इथवर आला होता. त्याला गावासारखं राहायचं होतं, हाताने भात खायचा होता, आणि गाववाल्यांसारखंच उघड्यावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना सखू धावत अंगणात आली. "मैने, तुझा गोरा आमच्या जागेत जाऊन बसलाय! आम्ही बायकांनी जायचा कुठं?"

मैनेने टमरेल खाली ठेवलं. मला झरोक्यातून तिचा आवाज आला, आणि तसा तो मी आधी ऐकला नव्हता. "अवो," ती भागोजीला म्हणाली, "त्याला झाडी हवी आणि आमाला दार हवा. मग कुलूप कोणासाठी?"

"एका खुळ्यावरनं सगळ्यांचा हिशेब लावू नको," भागोजी म्हणाला. पाहुणा दोन दिवसांनी सायकल मारत गेला. कुलूप पुन्हा लागलं.

त्या श्रावणात सोनूबाई पडली. सोनूबाई म्हणजे भागोजीची आई. सुरूच्या बनाकडे जाताना शेवाळलेला कातळ लागे. तिथे तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या इस्पितळात सळी घातली. डॉक्टरांनी सांगितलं, "काठी धरून चालतील हळूहळू. पण उकिडवं बसायचं नाही. यापुढे कधीच नाही."

घरी आणल्यावर तिला पडवीत खाट घातली. खाटेखाली भांडं. येणाजाणाऱ्यांची वाट पडवीतूनच. जन्मभर अंधारात, पदर सावरून जाऊन आलेली बाई ती. तिने एक उपाय काढला. जेवण कमी केलं. मग पाणी कमी केलं. मैना पेजेची वाटी पुढे करी आणि ती तोंड फिरवी. "भूक नाय गो." झरोक्यातून मला तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेलेला ऐकू येत होता.

मैनेला कळायला वेळ लागला नाही. ती भागोजीला म्हणाली, "किल्ली द्या."

"गणपती झाले की अधिकारी येणार हायत. त्यांच्याबरोबर परदेशी कंपनीचा माणूस. तो घरं निवडणार, मग तिकडनं माणसं पाठवणार. तोवर डाग पडता कामा नये. एवढी वर्षं थांबलो, आता थोडक्यासाठी..."

"तवर म्हातारी राहील काय?"

भागोजीने करगोट्यातली किल्ली मुठीत धरली. तो वाईट माणूस नव्हता. आई सुकतेय हे त्यालाही दिसत होतं. पण रेघेवर त्याने सगळा जन्म टांगला होता, आणि आता ती खाली आलेली बघायची त्याची हिंमत नव्हती.

गणपती झाले. भागोजी पाहुण्यांना आणायला रत्नागिरीला गेला. दुपारची जेवणं आटपली होती. मैनेने चुलीशेजारचा वरवंटा उचलला, माझ्या दाराशी आली आणि कुलपावर घाव घातले. पितळ चेपलं, कडी निखळली. मग तिने सखूला हाक मारली. दोघींनी हातांची चौकी करून सोनूबाईला उचललं आणि माझ्यावर आणून बसवलं. मला तिचं वजन कळलं. एवढ्या वर्षांची बाई, पण सुकल्या झावळीएवढी हलकी. ती दोन्ही हातांनी मला घट्ट धरून राहिली. मग म्हणाली, "मैने, दार लाव."

दार लागलं. सोनूबाई थोडा वेळ त्या बंद दाराकडे नुसती बघत राहिली.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. तक्तेवाले अधिकारी, टोपी घातलेले एक गोरे गृहस्थ आणि पुढे पुढे भागोजी. खोली बघितली, पलंग दाबून बघितला. "आणि बाथरूम?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मैना माझ्या दाराला पाठ लावून उभी होती.

"बाजूला हो," भागोजी हळूच म्हणाला. मग त्याची नजर तुटक्या कडीवर गेली. "हे काय केलंस?"

"आत आये बसलीय."

अधिकारी समजुतीने म्हणाले, "बाई, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांना फक्त बघायचंय. आम्हाला पुढे जायचंय."

"तिचा खुबा मोडलाय, साहेब. तिला घाई करता येत नाय. तिचा झाला की बघा. बसा पडवीत, पाणी देते."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. गोऱ्या गृहस्थांच्या कानाशी काहीतरी बोलले. त्या गृहस्थांनी खांदे उडवले. आत सोनूबाई उठायची धडपड करू लागली, तर मैना दाराबाहेरूनच ठासून म्हणाली, "आये, बस गप. कोणी आत येत नाय."

जीप निघून गेली. घर निवडलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागोजी बाजारातून नवीन कुलूप घेऊन आला. मैना चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "लावा," ती म्हणाली. "मी परत फोडीन. जितक्यांदा लावाल तितक्यांदा फोडीन."

तो कुलूप घेऊन माझ्या दाराशी आला. आत सोनूबाई होती. सकाळी तिने पेजेच्या दोन वाट्या मागून खाल्ल्या होत्या. आतून तिने हाक मारली, "कोण हाय बाहेर? गो, बादलीतला पाणी संपला."

भागोजी तसाच उभा राहिला. हॉटेलात त्याने किती परक्या माणसांच्या बादल्या भरल्या असतील, ते तोही विसरला असेल. त्याने कुलूप गडग्याच्या दगडांवर ठेवलं, बादली उचलली आणि विहिरीकडे गेला. भरलेली बादली आत सरकवताना त्याने तोंड दुसरीकडे वळवलं होतं. "घे, आये," एवढंच तो म्हणाला.

सोनूबाई त्यानंतर तीन वर्षं जगली. काठी टेकत माझ्यापर्यंत यायची, आणि दार लावल्याचा आवाज साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा लावायची.

शेजारच्यांत पहिली सखू विचारायला आली. तिची सून गरोदर होती, अंधारात घसरायची भीती. मग इतर बायका. मैनेने एकच नियम केला, ज्याने त्याने आपली कळशी भरून आणायची. पुढे सखूच्या नवऱ्याने स्वतःचा खड्डा खणला, मग आणखी दोघांनी. प्रत्येक ठिकाणी बसवायला नझीरच आला.

आज एकोणनव्वद साल चालू आहे. माझं झाकण मोडलंय. विहिरीच्या तांबूस पाण्याने पोटात डाग धरलेत. एका कडेला तडा गेलाय, त्यात नझीरने सिमेंट भरलंय. भट्टीतून निघालो तेव्हा मी लखलखत होतो, पण तेव्हा मी कोणाच्या उपयोगाचा नव्हतो.

ती लाल रेघ कुठवर चढली मला माहीत नाही. परदेशी माणसं अधूनमधून येतात, कधी दोघं, कधी एकटं. भागोजी त्यांना खोली देतो, मासे खायला घालतो, आता शर्टाला इस्त्री नसते. मागच्या आठवड्यात एक उंच बाई आली. सकाळी सकाळी ती घाईघाईने माझ्या दाराशी आली, तर आत सखूची सून, बाहेर कळशी घेऊन आणखी एक जण उभी. गोऱ्या बाईने भागोजीकडे बघितलं. भागोजीने मैनेकडे बघितलं.

मैनेने विहिरीकडे बोट दाखवलं आणि एक रिकामी कळशी त्या बाईच्या हातात दिली.

या, बाई. खुशाल या, लांबून या. मी इथेच आहे, पक्का बसवलेला. आधी पाणी आणा, मग रांगेत उभ्या राहा.